तीव्र चढासाठी वन-बाय गियर: पुढची चेनरिंग किती दात्यांची घ्यायची?

पुढे एकच चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) असलेली, म्हणजे वन-बाय, माउंटन बाइक घेतली की बहुतेकांच्या मनात पहिली शंका येते ती वरच्या गियरची. सपाटीवर पॅडल हवेत फिरणार नाहीत ना? उतारावर मागे पडणार नाही ना? डोंगराळ भागात चालवायचं असेल तर ही शंका सगळ्यात शेवटी विचारात घ्यायची. आधी सर्वांत हलका गियर ठरवायचा, तुमच्या नेहमीच्या सर्वांत खड्या चढाला पुरेल असा. वरचा गियर मग जो उरेल तो चालवून घ्यायचा. खड्या भागात हलका गियर कमी पडला तर उतरून ढकलावं लागतं. जड गियर कमी पडला तर फार तर काही सेकंद पाय नुसते ठेवून बसावं लागतं.

नवीन बाइकवर बहुधा ३० किंवा ३२ ची रिंग बसवलेली असते. ती कुठल्या तरी सरासरी माणसाला आणि सरासरी वाटेला धरून बसवलेली. तुमचं वजन, तुमचे पाय आणि तुमचा चढ त्या हिशोबात नाहीत. म्हणून मोजून बघायचं.

आधी बाइकवर काय आहे ते वाचा

चेनरिंगच्या चेहऱ्यावर दात्यांचा आकडा कोरलेला असतो: ३० टी, ३२ टी असा. चिखलाने झाकला असेल तर पुसून बघा. मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाला कॅसेट म्हणतात. तिच्या मोठ्या चकतीवरही आकडा असतो, पण तो कधी चाकाच्या आऱ्यांमागे लपतो. तसं असेल तर एका दात्यावर टेपचा तुकडा लावून सरळ मोजा. आपल्याला तीनच आकडे हवेत: रिंगचे दाते, कॅसेटच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चकतीचे दाते.

रिंगचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, हा झाला गियर रेशो. ३२ ला ५१ ने भागलं की ०.६३ येतात, पॅडलची एक फेरी झाली की मागचं चाक ०.६३ फेरी फिरतं. मात्र नुसत्या रेशोत चाकाचा आकार धरलेला नसतो, म्हणून मला दुसरा आकडा जास्त कामाचा वाटतो: पॅडलच्या एका फेरीत बाइक किती मीटर पुढे सरकते. २९ इंची चाकाचा, २.३ इंची टायरसकट, परीघ साधारण २.३ मीटर असतो. २७.५ इंचीचा साधारण २.२ मीटर, म्हणजे तेच दाते त्या चाकावर जवळपास पाच टक्के हलके लागतात. रेशोला परिघाने गुणलं की झालं.

२९ इंची चाकावरचे काही सर्वांत हलके गियर असे येतात:

३२ ची रिंग, ४२ ची चकती: १.७५ मीटर
३४ ची रिंग, ५१ ची चकती: १.५३ मीटर
२८ ची रिंग, ४२ ची चकती: १.५३ मीटर
३२ ची रिंग, ५१ ची चकती: १.४४ मीटर
२८ ची रिंग, ४६ ची चकती: १.४० मीटर
३० ची रिंग, ५१ ची चकती: १.३५ मीटर
२८ ची रिंग, ५१ ची चकती: १.२६ मीटर

तुलनेसाठी: पुढे २२-३२-४४ च्या तीन रिंगा आणि मागे ११-३४ (लहान चकती ११ ची, मोठी ३४ ची) असलेल्या जुन्या २६ इंची बाइकचा सर्वांत हलका गियर काढला तर तोही १.३५ मीटरच येतो. म्हणजे आज ३० च्या रिंगला ५१ ची चकती लावून चढणारा माणूस जुन्या तीन रिंगवाल्यांपेक्षा काही लाडावलेला नाही, अगदी त्यांच्याच गियरवर आहे. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्स-वन हा वन-बाय संच आणला तेव्हा मागे १०-४२ ची कॅसेट होती. त्यावर ३२ ची रिंग म्हणजे १.७५ मीटर, आणि तो गियर चांगल्या तयारीच्या माणसालाही खड्या चढावर जड जायचा. २०१६ च्या स्रॅमच्याच ईगल कॅसेटने मोठी चकती ५० वर नेली, २०१८ मध्ये शिमानो कंपनीची १०-५१ आली, पुढे ५२ सुद्धा आली. त्यानंतर सामान्य माणसासाठी पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) खऱ्या अर्थाने निरोपाला लागला.

आपला चढ कोणता, ते ठरवा

इथे नवखे लोक दोन टोकांना जातात. काही जण अॅपवर दिसलेली संपूर्ण चढाची सरासरी धरतात: ८ टक्के. त्या सरासरीत मधले सपाट तुकडे आणि छोटे उतारही मिसळलेले असतात, आणि खरा त्रास देणारा तुकडा १५-१८ टक्क्यांचा असतो. दुसरे लोक वाटेवरची सर्वांत भयानक दहा पावलं धरतात, जिथे आकडा २५-३० दाखवतो. इतक्या छोट्या अंतरावर जीपीएसच्या चढाच्या आकड्यावर विसंबूही नये, आणि अशा जागा गियरने जिंकल्या जात नाहीत. तिथे जोर, तोल आणि चाक न्यायची योग्य रेघ लागते.

धरायचा तो तुकडा असा: बसून, न थांबता तीन ते पाच मिनिटं चढावं लागतं, आणि जिथे तुम्ही हलका गियर शोधत अंगठ्याने लीव्हर दाबता आणि लीव्हर पुढे जात नाही. तो तुमचा चढ. दर आठवड्याला वाट्याला येणारा असावा. वर्षातून एकदा गाठ पडणाऱ्या चढासाठी रिंग बदलू नका.

पायांची फेरी मोजा

त्या तुकड्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, दम लागलेला असताना, सर्वांत हलक्या गियरवर बसून मोजायचं. सुरुवातीला ताजेतवाने असताना मोजलेला आकडा फसवा असतो. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. हीच तुमची मिनिटाची कॅडेन्स. सेन्सर असेल तर उत्तम, पण खडबडीत वाटेवर स्क्रीनकडे बघायला फुरसत नसते. गुडघा मोजणं सोपं.

रस्त्यावरच्या सायकलीसाठी ८०-९० ची कॅडेन्स सांगतात. खड्या कच्च्या चढावर ती अपेक्षा सोडून द्या. ५५ ते ६५ असेल तर गियर बरोबर आहे असं मी समजतो. ५० च्या खाली रेंगाळत असाल तर गियर जड आहे, मग तुम्ही कितीही दमदार असा. ७० च्या वर असाल आणि मोठ्या चकतीपर्यंत जायची वेळच येत नसेल, तर मोठी रिंग परवडेल.

आकड्यांत बघू. माणूस, बाइक, पाणी, सगळं मिळून ९० किलो. चढ १५ टक्के. नुसतं गुरुत्वाकर्षण सुमारे १३० न्यूटनने मागे ओढतं. मातीचा आणि टायरचा अडथळा धरून १५० म्हणू. पायांतून सलग २०० वॉट निघत असतील तर वेग येतो ताशी ४.८ किलोमीटर. या वेगाला ३२-४२ वर (३२ ची रिंग, ४२ ची चकती) कॅडेन्स पडते ४६, ३२-५१ वर ५५, ३०-५१ वर ५९ आणि २८-५१ वर ६३. वेग चारही वेळा तोच, कारण वॉट तेवढेच. फरक पडतो तो पॅडलवरच्या जोरात. १७५ मिलिमीटर क्रॅंकवर (पॅडलच्या दांड्यावर), ४६ च्या कॅडेन्सला सरासरी सुमारे २४ किलोचा दाब लागतो. ६३ ला तो १८ किलोच्या खाली येतो. ही सरासरी आहे. पॅडल समोर आडवं असताना दाब याच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि गुडघ्याला जाणवतो तो हाच.

या हिशोबात माणसागणिक काय बदलतं? एकूण वजनाच्या दर किलोला तुम्ही किती वॉट काढता, एवढंच. म्हणून ६० किलोच्या चपळ मित्राची ३४ ची रिंग बघून ९५ किलोच्या माणसाने ३४ घेण्यात काही अर्थ नाही. चढाच्या वाटेवर रिंगच्या आकड्यावरून मिरवणारे भेटतात. त्यांना वर पोहोचल्यावर भेटावं.

नवी रिंग किती दात्यांची, ते काढा

आता त्रैराशिक. वेग तोच राहतो असं धरलं तर रिंग जितकी लहान, तितकी कॅडेन्स वाढते. म्हणून:

आताची रिंग × आताची कॅडेन्स ÷ हवी असलेली कॅडेन्स = नवी रिंग

समजा ३२ च्या रिंगवर ४८ मोजलीत आणि ५५ हवी आहे. ३२ गुणिले ४८ भागिले ५५, उत्तर २७.९. म्हणजे २८ ची रिंग. ५१ मोजली असती तर उत्तर २९.७ आलं असतं, म्हणजे ३०. रिंगा साधारणपणे सम दात्यांत मिळतात, त्यामुळे उत्तर मधेच आलं तर लहानीकडे झुका. दोन दात्यांचा फरक म्हणजे सुमारे सहा टक्के. वाचायला किरकोळ वाटतो, पण चढाच्या विसाव्या मिनिटाला तो मांड्यांना नेमका कळतो.

क्रॅंकची लांबीही याच हिशोबात येते आणि बरेच जण ती विसरतात. १७५ चे क्रॅंक काढून १६५ चे लावले तर तरफ सहा टक्क्यांनी आखूड होते, तोच गियर तितक्याच टक्क्यांनी जास्त जड लागतो. म्हणजे क्रॅंक आखूड करताना रिंगही दोन दात्यांनी लहान केली तर पायांना पूर्वीसारखं वाटेल. आखूड क्रॅंकचा फायदा आहेच, दगडांवर पॅडल आपटणं कमी होतं. पण त्यांच्यासोबत जुनी ३२ तशीच ठेवून "चढ अचानक जड झाला" म्हणू नका.

किती हलकं म्हणजे फार हलकं?

मग सरळ २६ ची रिंग का लावू नये? इथे तोल आडवा येतो. २८-५१ वर ५५ ची कॅडेन्स म्हणजे ताशी ४.२ किलोमीटर. हा जवळपास चालण्याचाच वेग आहे. याच्याखाली पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकू लागतं, हँडल सरळ धरायलाच ताकद जाते, आणि शेजारून बाइक ढकलत जाणारा माणूस तुमच्या बरोबरीने वर पोहोचतो. म्हणून २९ इंची चाकावर १.२५ मीटरच्या खाली जाण्यात बहुतेकांना काही हाती लागत नाही. सामान लादून अनेक दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण पायऱ्या आणि मुळांची. २८-५१ वर अर्ध्या फेरीत, म्हणजे एका पायाच्या एका दाबात, बाइक फक्त ६३ सेंटीमीटर सरकते. समोर टाचेएवढं मूळ आलं आणि तुम्ही सर्वांत हलक्या गियरवर असाल तर पाय झर्रकन खाली जातो, जोर लागतच नाही आणि चाक मुळाला टेकून थांबतं. जाणते चालवणारे अशा वेळी अडथळ्याच्या दोन-तीन मीटर आधी एक किंवा दोन गियर जड करतात, एक ठाम दाब देऊन चाक वर चढवतात आणि पुन्हा हलक्यावर येतात. हलका गियर असणं आणि सतत त्याच गियरवर असणं यांत फरक आहे.

ओल्या मातीवर मात्र हलका गियर उलट मदत करतो. जड गियरवर प्रत्येक दाबाला जोराची लाट येते आणि त्या लाटेच्या माथ्यावर मागचं चाक घसरतं. पाय गोल आणि सलग फिरले की लाट लहान होते. त्यासोबत बसायचं सीटच्या पुढच्या टोकावर, कोपर खाली, हनुवटी हँडलकडे. नाहीतर कोणत्याही रिंगवर पुढचं चाक उचललं जाणारच.

रिंग बदलायची की कॅसेट?

तुमच्याकडे ११ गियरची ११-४२ कॅसेट असेल तर केवळ रिंगने फार दूर जाता येत नाही. २८ लावली तरी १.५३ मीटरवर थांबता. तिथे ११-४६ किंवा ११-५१ ची कॅसेट जास्त फरक पाडते, पण मागच्या डिरेलरला तेवढी मोठी चकती पेलते का ते आधी बघा. प्रत्येक डिरेलरला मोठ्या चकतीची मर्यादा ठरलेली असते. मर्यादा ओलांडण्यासाठी हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) लांबवणारे जोडतुकडे मिळतात. मी ते सुचवणार नाही, लहान चकत्यांवरची गियर बदलण्याची चपळाई जाते.

१० दात्यांची लहान चकती हवी असेल तर फ्रीहबही (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) तसा लागतो: स्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रो स्प्लाइन. जुन्या एचजी फ्रीहबवर ११ पासूनच सुरुवात होते.

कॅसेट निवडताना टोकाचे आकडे सगळे बघतात. मधल्या पायऱ्या कुणी बघत नाही. स्रॅमच्या १०-५२ मध्ये शेवटच्या तीन चकत्या ३६, ४२, ५२ आहेत. शिमानोच्या १०-५१ मध्ये ३९, ४५, ५१. पहिल्या रचनेत ४२ वरून ५२ वर जाताना चकती एकदम २४ टक्के मोठी होते, दुसरीत शेवटची पायरी १३ टक्क्यांची. स्रॅमवर ५२ ही राखीव चकती आहे. चढाचं रोजचं काम ४२ वर व्हावं अशा बेताने रिंग निवडली तर ती कॅसेट छान वाटते. रिंग मोठी घेतलीत तर ४२ जड आणि ५२ फार हलकी, या दोहोंच्या मध्ये लटकत राहाल. शिमानोवर ४५ आणि ५१ दोन्ही चढाच्या कामाच्या आहेत, त्यामुळे रिंग एका मापाने चुकली तरी निभावतं.

अजून एक साधी खूण. चढाचा बहुतेक वेळ तुम्ही मोठ्या चकतीवरच असाल तर रिंग मोठी आहे. त्या चकतीवर चेन सर्वांत तिरपी चालते, खरखरते, आणि अनेक कॅसेटमध्ये ती चकती अॅल्युमिनियमची असल्याने स्टीलच्या चकत्यांआधी झिजते. लहान रिंग घेतली की काम एक-दोन चकत्या आत सरकतं आणि चेन सरळ होते. याची दुसरी बाजू म्हणजे लहान रिंग स्वतः लवकर झिजते: जोर कमी दात्यांवर वाटला जातो आणि तितक्याच दाबाला चेनवर ताण जास्त येतो. १२ गियरची चेन ०.५ टक्के लांबली की बदलायची, एवढी शिस्त पाळली तर रिंग आणि कॅसेट बऱ्याच टिकतात.

आता वरचा गियर

२९ इंची चाकावर ९० च्या कॅडेन्सने: ३२-१० वर ताशी जवळजवळ ४० किलोमीटर, ३०-१० वर ३७, २८-१० वर ३५. खड्या वाटेच्या उतारावर ३५ च्या पुढे पॅडल मारायला जागाच नसते. तिथे बोटं ब्रेकवर असतात. हा गियर कमी पडतो तो वाटेच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्याने जाताना, किंवा रुंद कच्च्या रस्त्यांच्या शर्यतीत. तुमचा निम्मा वेळ असाच जात असेल तर ३० वर थांबा. नसेल तर २८ घेताना मन खाऊ देऊ नका.

फ्रेमला आणि क्रॅंकला काय चालतं

फ्रेमच्या माहितीत जास्तीत जास्त रिंग किती, ते दिलेलं असतं. त्याहून मोठी चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला, घासते. काही फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके झेलणाऱ्या) फ्रेमना किमान आकडाही असतो, तो बघायला विसरू नका. साधारणपणे रिंग लहान केली की चेनच्या ओढीचा सस्पेन्शनवरचा परिणाम वाढतो: पॅडल मारताना मागचा भाग कमी दबतो, पण खडबडीत चढावर पॅडलला उलटे झटके जास्त जाणवतात. दोन दात्यांत हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

चार बोल्टची १०४ मिलिमीटरची क्रॅंक असेल तर ३० पेक्षा लहान रिंग बसत नाही. २८ हवी तर डायरेक्ट माउंट क्रॅंक लागते, म्हणजे रिंग थेट क्रॅंकवर बसते अशी. डायरेक्ट माउंटमध्येही शिमानोचं आणि स्रॅमचं जोडणीचं माप वेगळं, आणि स्रॅमच्या जुन्या तीन बोल्टवाल्या रिंगा नव्या आठ बोल्टवाल्या क्रॅंकवर जात नाहीत. रिंगचा ऑफसेटही (जोडणीपासून रिंग किती आत बसते ते माप) जुळायला हवा. स्रॅमच्या तीन बोल्टवाल्यात मागच्या चाकाच्या १४८ मिलिमीटर रुंद बूस्ट हबसाठी तो ३ मिलिमीटर, जुन्या हबसाठी ६. चुकला तर चेन मोठ्या चकतीवर कुरकुरत राहते आणि उलटं पॅडल मारताच खाली सरकते.

अंडाकृती रिंगबद्दल विचारणारे असतातच. ३२ ची अंडाकृती रिंग जोराच्या टप्प्यात सुमारे ३४ सारखी आणि मृत टप्प्यात (पॅडल वर-खाली असताना) ३० सारखी वागते. सैल मातीवर काहींना पकड चांगली वाटते, काहींना काहीच फरक वाटत नाही. आधी गोल रिंगवर आपला आकडा सापडू द्या, मग हवं तर तेवढ्याच दात्यांची अंडाकृती लावून बघा.

बसवताना

शिमानोची डावी क्रॅंक बहुधा सुटते ती टोपी काढून आणि ५ मिलिमीटरचे दोन बोल्ट सैल करून. १२ गियरच्या डायरेक्ट माउंट रिंगला वर लॉकरिंगचं वेगळं टूल लागतं. स्रॅमच्या डब क्रॅंकला ८ मिलिमीटरची अॅलन की पुरते. बोल्टवर छापलेला टॉर्क पाळा. जुनी चेन लांबलेली असेल तर नवी रिंग तिच्यासोबत लावू नका, नवे दाते काही दिवसांत खराब होतील.

चेनच्या लांबीकडे शेवटी बघा, पण बघाच. रिंग दोन दात्यांनी लहान केली तर बहुधा चेन तशीच चालते. चार दात्यांनी केली तर दोन कड्या, म्हणजे एक इंच, कमी करावी लागू शकते. सर्वांत लहान चकतीवर टाकून खालची चेन लोंबत नाही ना, ते पाहा. रिंग मोठी केली असेल तर उलट तपासणी, आणि ती जास्त गंभीर: मागच्या शॉकमधली हवा सोडा, चेन सर्वांत मोठ्या चकतीवर टाका, मागचं चाक हाताने पूर्ण वर दाबा. डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारी खालची भुजा) ताणून सरळ रेषेत आला तर चेन आखूड आहे. पिंजऱ्यात अजून थोडा वाक उरत असेल तर हवा भरा, बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून किती दूर राहील ते ठरवणारा) कंपनीने दिलेल्या खुणेला लावा आणि त्याच चढावर त्याच जागी पुन्हा गुडघा मोजा.